बरं झाल्यानंतरचं रक्त: आमच्या प्रतिपिंडांची हकीकत

करोना होऊन गेल्यावर दीड वर्षाहून जास्त काळ मी आणि माझा नवरा ठरावीक अंतरानं रक्त देत राहिलो. या विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे आपण सगळे सर्रास ज्यांना अँटिबॉडी म्हणू लागलो ती, बऱ्या झालेल्या माणसात किती बनतात आणि पुढे त्यांचं काय होतं, हे पाहणारा पाठपुराव्याचा एक प्रकल्प होता. आम्ही दोघांनी त्यात नाव घातलं. प्रकल्पातल्या डॉक्टरांना आमच्यात रस असण्याचं कारण साधं होतं. एकाच घरात, एकाच आठवड्यात, बहुधा एकाच विषाणूनं दोघांना गाठलं, आणि तरी आमच्या दुखण्यांचा एकमेकांशी काही मेळ नव्हता. माझं ताप, अंगदुखी आणि वास जाणं एवढ्यावर निभावलं. त्याला मात्र इस्पितळात ऑक्सिजन लावावा लागला.

हे २०२० च्या उत्तरार्धातलं. लस अजून आलेली नव्हती, त्यामुळे रक्तात जे काही दिसणार होतं ते निव्वळ आजारानं दिलेलं. पुढे प्रत्येकाच्या रक्तात आजार आणि लस यांची इतकी सरमिसळ झाली की कशामुळे काय झालं हे वेगळं काढणं अवघड होऊन बसलं. आमचे सुरुवातीचे नमुने त्या दृष्टीनं भाग्याचे.

माझी थोरली नणंद पॅथॉलॉजिस्ट आहे. ताप उतरल्या उतरल्या मी तिला फोन लावला.

"ताई, मला आता बरं वाटतंय. उद्याच अँटिबॉडीची चाचणी करून घेऊ का?"

"काय सापडणार आहे त्यात? निगेटिव्ह येईल आणि मग रात्री अकराला मला फोन करशील. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन आठवडे तरी जाऊ देत."

ताईंचं गणित बरोबर होतं. पाठ्यपुस्तकातला क्रम असा की आधी आयजीएम नावाची प्रतिपिंडं येतात, ती ओसरू लागली की आयजीजी येतात. करोनात हा क्रम तितका शिस्तीत पाळला जात नाही. चीनमध्ये चोंगचिंगच्या रुग्णांचा जो अभ्यास २०२० च्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाला, त्यात लक्षणांपासून १९ दिवसांच्या आत सगळ्यांच्या रक्तात आयजीजी सापडलं होतं. पण कुणात आयजीएम आधी, कुणात दोन्ही बरोबर आणि कुणात तर आयजीजीच पुढे. पहिल्या आठवड्यात मात्र बऱ्याच जणांच्या रक्तात काहीच हाती लागत नाही. म्हणून "आत्ता मला करोना आहे का" या प्रश्नाला ही चाचणी निरुपयोगी. तिथे नाका-घशातला नमुनाच हवा.

रक्त देण्याचा प्रकार अगदीच किरकोळ. कोपराच्या खोबणीतून एक-दोन नळ्या. तळाशी जेल असलेल्या नळीत रक्त गोठू देतात, मग ती यंत्रात गरागरा फिरवतात, की वर पिवळसर सीरम उरतं. सगळी प्रतिपिंडं त्यात असतात. मला नवल वाटलं ते पुढच्या भागाचं. मी समजत होते की दर वेळी रक्त दिलं की दोन दिवसांत अहवाल येईल. काही चाचण्या तशा व्हायच्याही. पण संशोधनासाठीच्या मोजणीचं सीरम लहान लहान कुप्यांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवत, आणि एकाच माणसाचे वेगवेगळ्या महिन्यांचे नमुने पुढे एकाच दिवशी, एकाच संचावर, शेजारी शेजारी लावून मोजत. कारण विचारलं तर तिथल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आज एका संचावर मोजलं आणि चार महिन्यांनी दुसऱ्यावर, तर फरक तुमच्या रक्तातला आहे की आमच्या संचातला, हे कसं सांगणार?" या एका वाक्यासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. पुढचा बराच गोंधळ मला त्यामुळेच उलगडला.

पहिले आकडे आले तेव्हा नवऱ्याची छाती फुगली. विषाणूच्या पृष्ठभागावरचं जे काट्यांसारखं स्पाइक प्रथिन, त्याच्याविरुद्धचं माझं आयजीजी नव्वदीच्या घरात. त्याचा आकडा यंत्राच्या मोजपट्टीच्या वर गेला, म्हणून पहिल्यांदा नुसतं "याहून जास्त" असंच छापून आलं. नमुना पातळ करून पुन्हा मोजला तेव्हा सहाशेच्या आसपास निघाला. "बघ, माझी प्रतिकारशक्ती," तो म्हणाला. दम लागून जिना चढता येत नव्हता, तरी हे म्हणाला.

खरं तर उलटंच म्हणायला हवं. आजार जितका तीव्र तितकी प्रतिपिंडं सर्वसाधारणपणे जास्त, हे तोवर अनेक ठिकाणी दिसलं होतं. विषाणू शरीरात जास्त पसरला, जास्त दिवस राहिला, की त्याची प्रथिनं रोगप्रतिकार यंत्रणेला जास्त काळ दिसत राहतात आणि तीही त्या मानानं राबते. म्हणजे मोठा आकडा हा काही प्रमाणात मोठ्या लढाईचा पुरावा असतो. माझ्या शरीरानं थोडक्यात आटोपलं, म्हणून आकडा लहान. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि आकडा मित्रांना पाठवला.

त्याच्या त्या आकड्यामुळे प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव भाग, देण्याविषयी विचारणा झाली. त्या काळात बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा गंभीर रुग्णांना देण्यावर फार आशा होत्या, आणि दात्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडं असावीत ही अट असे. त्यानं दिला. पुढे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत ११ हजारांहून अधिक दाखल रुग्णांवर पडताळून पाहिलं, तेव्हा प्लाझ्मा मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण सारखंच, २४ टक्के, निघालं. तो निकाल २०२१ मध्ये वाचला तेव्हा घरात थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

आता उताराकडे येते.

दुसऱ्या-तिसऱ्या नमुन्यापासूनच आकडे घसरायला लागले, दोघांचेही. आणि नेमकं त्याच सुमारास वाचनात जे येत होतं ते धडकी भरवणारं होतं. चोंगचिंगच्याच संशोधकांनी जून २०२० मध्ये लिहिलं होतं की बरं झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच, लक्षणं नसलेल्या बाधितांपैकी ४० टक्क्यांचं आयजीजी चाचणीत सापडेनासं झालं. लक्षणं असलेल्यांत हे प्रमाण १२.९ टक्के. इंग्लंडमध्ये घरी बोट टोचून करायच्या पट्ट्यांनी लाखो लोकांची तपासणी झाली, तर प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण जूनमधल्या ६ टक्क्यांवरून सप्टेंबरात ४.४ टक्क्यांवर आलेलं. बातम्यांचे मथळे काय असतील ते सांगायला नको. "प्रतिकारशक्ती टिकतच नाही" हे वाक्य तेव्हा रोज कुठे ना कुठे भेटायचं.

पण त्याच सप्टेंबरात आइसलँडचा अभ्यास आला. तिथे बऱ्या झालेल्या १,२१५ जणांपैकी ९१.१ टक्क्यांत प्रतिपिंडं सापडली, आणि निदानानंतरच्या चार महिन्यांत ती घटलेली दिसली नाहीत. घटली नाहीत! मी तो भाग दोनदा वाचला. एकीकडे दोन-तीन महिन्यांत गायब, दुसरीकडे चार महिने जशीच्या तशी. दोन्ही मंडळी कसलेली, दोन्ही अभ्यास नीट केलेले.

याचं उत्तर मला वाचून कळलं नाही, माझ्याच अहवालांनी दिलं.

प्रकल्पात स्पाइकबरोबर दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडंही मोजत होते. विषाणूच्या आत त्याच्या जनुकीय धाग्याला गुंडाळून असतं ते न्यूक्लिओकॅप्सिड. सगळे त्याला नुसतं 'एन' म्हणत. माझे साठवलेले नमुने एनसाठी दोन वेगळ्या पद्धतींनी मोजले गेले. एका पद्धतीत माझा आकडा महिन्यागणिक उतरत उतरत मर्यादेखाली गेला आणि अहवालात ठसठशीत "निगेटिव्ह" आलं. दुसऱ्या पद्धतीत, त्याच कुपीतल्या त्याच सीरमला, पॉझिटिव्ह. नुसतं पॉझिटिव्ह नव्हे, पहिल्या नमुन्यापेक्षा आकडा किंचित वर.

मी दोन्ही कागद ताईंना पाठवले. त्यांचा फोन आला तो हसतच. "अगं, दोन्ही बरोबर आहेत. पहिली पद्धत फक्त आयजीजी किती आहे ते बघते. आयजीजी कमी झालं, आकडा कमी. दुसरीत प्रतिपिंडाच्या दोन्ही बाजूंना एन प्रथिन ठेवलेलं असतं. प्रतिपिंडानं दोन्हीकडे घट्ट धरलं तरच खूण उमटते. म्हणजे ती संख्येबरोबर पकडही बघते."

"मग आकडा वाढला कसा?"

"पकड वाढली म्हणून."

इथे मला पहिल्यांदा कळलं की उतरत्या आलेखाच्या पोटात एक चढता आलेख दडलेला असतो. संसर्ग संपल्यानंतरही कित्येक महिने लसिका ग्रंथींमध्ये (मानेत-काखेत असतात त्या गाठींत) बी पेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून प्रतिपिंडं येतात त्या पेशींची, निवड चालू राहते. ज्या पेशींचं प्रतिपिंड विषाणूच्या प्रथिनाला अधिक घट्ट चिकटतं त्या टिकतात, बाकीच्या मागे पडतात. मध्ये त्यांच्या जनुकांत बारीक बदल होत राहतात आणि पुन्हा निवड. त्यामुळे सहाव्या महिन्यातलं आयजीजी पहिल्या महिन्यापेक्षा कमी असतं, पण सुधारलेलं असतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटानं ८७ जणांना साधारण सव्वा महिन्यानं आणि मग सहा महिन्यांनी तपासून नेमकं हेच दाखवलं: रक्तातली प्रतिपिंडं घटली, स्मृतिपेशींची, म्हणजे विषाणू लक्षात ठेवणाऱ्या बी पेशींची, संख्या तशीच राहिली, आणि त्या पेशींची प्रतिपिंडं अधिक पोक्त झाली. काही जणांच्या आतड्याच्या अस्तरात तेव्हाही विषाणूची प्रथिनं सापडली. ती या तालमीला खाद्य पुरवत असावीत असा त्यांचा कयास होता.

म्हणजे आइसलँड आणि बाकीचे यांच्यातला वाद अर्धाअधिक मोजपट्टीचा होता. आइसलँडनं ज्या चाचण्या मुख्यतः वापरल्या त्या सगळ्या वर्गांची (आयजीएम, आयजीजी वगैरे) प्रतिपिंडं एकत्र मोजणाऱ्या होत्या. इंग्लंडच्या पट्टीवर रेघ उमटते किंवा उमटत नाही. प्रतिपिंडं पट्टीच्या पकडीत न येण्याइतकी कमी झाली की ती "नाहीत" यात जमा. मध्ये दुसरं काही नाही.

आणि एककांचा घोळ तर विचारूच नका. माझ्या एका मैत्रिणीचा आकडा चौदाशे. माझा नव्वद. ती मला काळजीनं फोन करायची. तिच्या आणि माझ्या चाचण्या वेगळ्या, एककं वेगळी, त्यामुळे तुलनेला काही अर्थच नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिपिंडांचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवलं आणि मग बीएयू हे सामाईक एकक रुळू लागलं. एका प्रचलित चाचणीचा आकडा बीएयूमध्ये आणायला ०.१४२ नं गुणावं लागतं. दुसऱ्या एका चाचणीचा जवळजवळ आहे तसाच चालतो. मैत्रिणीचे चौदाशे पहिल्या जातीचे होते. गुणाकार केल्यावर दोनशेच्या आत आले. त्यानंतर तिचे काळजीचे फोन कमी झाले, हे मी नमूद करून ठेवते.

सहाव्या महिन्याच्या सुमारास माझं स्पाइकविरोधी आयजीजी चाळिशीत होतं. नवऱ्याचं अडीचशेच्या जवळपास. दोघांचंही निम्म्याच्या खाली. पण आलेख कागदावर काढला तर तो सरळ खाली कोसळत नव्हता. आधी तीव्र उतार, मग वळण, मग जवळजवळ सपाटी. प्रकल्पातल्या डॉक्टरांनी मला त्या वळणावर बोट ठेवायला लावलं आणि विचारलं, "आयजीजीचं रक्तातलं अर्धायुष्य किती, माहीत आहे?"

साधारण २१ दिवस. म्हणजे आज बनलेल्या आयजीजीपैकी निम्मं तीन आठवड्यांत संपतं. सहा महिन्यांत अशी आठ-नऊ अर्धायुष्यं उलटतात. प्रतिपिंडांचा कारखाना सुरुवातीलाच बंद पडला असता तर माझ्याकडे सुरुवातीच्या अडीचशेव्या हिश्श्याहूनही कमी उरायला हवं होतं, म्हणजे मोजता न येण्यासारखं. माझ्याकडे तर चाळीस होतं. तेव्हा हे जुनं शिल्लक नव्हतंच. ते गेल्या काही आठवड्यांत नव्यानं बनलेलं होतं, आणि कुणीतरी ते रोज बनवत होतं.

कोण, याचं उत्तर ताईंनी एका वाक्यात दिलं: "हंगामी मजूर गेले, कायमचे कामगार उरले." संसर्गाच्या धामधुमीत ज्या पेशी झपाट्यानं प्रतिपिंडं ओततात त्या अल्पजीवी असतात. काही आठवड्यांत त्या मरतात आणि आकडा घसरतो. आमच्या आलेखातला पहिला तीव्र उतार हा तो. पण त्यातल्या काही पेशी हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडं थोडं आयजीजी सोडत राहतात. आलेखाची सपाटी ती यांची. करोनाबाबत हे अंदाजानं म्हणण्याची गरज उरली नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अली एल्लेबेदी यांच्या गटानं बऱ्या झालेल्या १९ जणांची अस्थिमज्जा, संसर्गानंतर सुमारे सात महिन्यांनी, कमरेच्या हाडातून काढून पाहिली. १५ जणांत स्पाइकविरुद्धच्या या दीर्घजीवी पेशी सापडल्या. त्यांच्यातही प्रतिपिंडं पहिल्या चार महिन्यांत भराभर उतरली, मग सावकाश, आणि अकरा महिन्यांनंतरही मोजण्याइतकी होती. यातले बहुतेक सौम्य आजाराचे लोक होते, माझ्यासारखे. हा शोधनिबंध मे २०२१ चा. आमच्या प्रकल्पात अस्थिमज्जा काढण्याचा भाग नव्हता. नवऱ्यानं चौकशी केली होती आणि सुईची लांबी कळल्यावर विषय बदलला होता.

रक्तातल्या आकड्यात न दिसणारं आणखीही बरंच असतं. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या संशोधकांनी १८८ जणांच्या रक्तात चार गोष्टी एकत्र पाहिल्या: प्रतिपिंडं, स्मृति-बी पेशी आणि दोन प्रकारच्या टी पेशी (बाधित पेशी मारणाऱ्या आणि बाकी यंत्रणेला मदत करणाऱ्या). स्पाइकविरुद्धच्या स्मृति-बी पेशी पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त निघाल्या. टी पेशी तीन ते पाच महिन्यांच्या अर्धायुष्यानं घटत होत्या. चारही गोष्टी आपापल्या चालीनं चालतात, म्हणून एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. मी दर वेळी ज्या एका आकड्याकडे डोळे लावून बसत होते, तो या चौघांतला एक होता. टी पेशींबाबत तर मला २००३ च्या सार्सचा, म्हणजे करोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या साथीचा, दाखला जास्त बोलका वाटला. त्या रुग्णांची प्रतिपिंडं दोन-तीन वर्षांत बरीचशी ओसरली होती, पण १७ वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी मिळाल्या.

याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. साध्या सर्दीपडशाचे चार करोना विषाणू आपल्यात पूर्वीपासून आहेत. ॲमस्टरडॅममध्ये दहा निरोगी पुरुषांचं अनेक दशकं साठवलेलं रक्त तपासलं, तर त्याच विषाणूची लागण पुन्हा व्हायला बारा महिने पुरत होते. आमच्या डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं: पुन्हा लागण होणारच नाही असं समजू नका. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या एका ३३ वर्षांच्या माणसाला साडेचार महिन्यांनी पुन्हा लागण झाल्याचं जनुकीय तपासणीनं सिद्ध झालं होतं. दुसऱ्या वेळी त्याला लक्षणंच नव्हती, विमानतळावरच्या तपासणीत सापडला.

मग किती आकडा पुरेसा? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आणि मी डॉक्टरांना इतक्यांदा विचारला की शेवटी ते मलाच विचारू लागले, "आज विचारणार नाही का?" मे २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लसींच्या चाचण्या आणि बरे झालेल्यांचे अभ्यास एकत्र मांडून एक हिशेब केला. विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांची बऱ्या झालेल्यांतली सरासरी घेतली, तर लक्षणं असलेल्या संसर्गापासून ५० टक्के संरक्षणाला तिच्या सुमारे २० टक्के पातळी पुरते, आणि गंभीर आजारापासून तेवढ्याच संरक्षणाला अवघी ३ टक्के. हा हिशेब वाचून माझ्या चाळीसकडे बघण्याची दृष्टी पालटली. ब्रिटनमधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या 'सायरन' अभ्यासातही, अल्फा उपप्रकार पसरत असताना, पूर्वी लागण झालेल्यांना पुन्हा लागण होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी निघाला होता, तोही सरासरी सात महिन्यांच्या काळात. रक्तातला आकडा उतरत असतानाच हे संरक्षण टिकून होतं.

पण हे गटांचे हिशेब. एका माणसाच्या कागदावरच्या एका आकड्यावरून "तुम्ही सुरक्षित" असं कुणी लिहून देत नाही, आणि देऊही नये. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं मे २०२१ मध्येच बजावलं होतं की, विशेषतः लस घेतल्यानंतर, प्रतिपिंडांच्या चाचणीवरून कुणाची प्रतिकारशक्ती जोखू नका. शिवाय आम्ही मोजत होतो ती चिकटणारी प्रतिपिंडं. चिकटणारं प्रत्येक प्रतिपिंड विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखतंच असं नाही. रोखतं की नाही हे खरं पाहायचं तर जिवंत विषाणू आणि जिवंत पेशी लागतात आणि त्याला कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा हवी. आमच्या प्रकल्पात त्याऐवजी विषाणूशिवाय चालणारी पर्यायी चाचणी केली: स्पाइकचा टोकाचा भाग आणि विषाणू ज्याला धरून पेशीत शिरतो तो पेशीवरचा एसीई-२ हा ग्राहक (रिसेप्टर) यांचं मीलन आमचं सीरम किती टक्के अडवतं, एवढं पाहायचं. त्यात नवरा आणि मी यांच्यातलं अंतर कागदावरच्या आकड्यांपेक्षा पुष्कळ कमी निघालं. हे त्यानं मित्रांना पाठवलं नाही.

२०२१ मध्ये लस घेतली आणि आलेखाचा नूरच बदलला. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन आठवड्यांनी माझा स्पाइकचा आकडा हजारांत गेला. चूक झाली असेल म्हणून मी पुन्हा मोजायला सांगणार होते. पण न्यूयॉर्कच्या एका गटानं मार्च २०२१ मध्ये हेच नोंदवलं होतं: आधी करोना झालेल्यांची पातळी पहिल्या मात्रेनंतर, न झालेल्यांच्या तुलनेत, १० ते ४५ पट. स्मृतिपेशी तयार बसलेल्या असतात, लस त्यांना हाक मारते. सहा महिन्यांपूर्वी मी ज्या चाळीसकडे पाहून खंतावत होते, त्याच्यामागे एवढी फौज उभी होती हे त्या दिवशी दिसलं. एनचा आकडा मात्र ढिम्म राहिला, कारण आम्ही घेतलेल्या लसीत फक्त स्पाइक होतं. अख्खा निष्क्रिय विषाणू असलेल्या लसींनी एनही वाढू शकतं. म्हणून अहवाल वाचताना कुठली लस घेतली हे आधी विचारायचं, नाहीतर लसीची प्रतिपिंडं आजाराच्या खात्यावर जमा व्हायची.

तो वरचा आकडाही मग उतरला. तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं विषाणूच्या नव्या उपप्रकाराचं ओमिक्रॉन हे नाव जाहीर केलं, आणि काही आठवड्यांतच मला दुसऱ्यांदा लागण झाली. त्याच्या थोडं आधीच्या नमुन्यात माझी प्रतिपिंडं भरपूर होती. पण ती जुन्या स्पाइकवर बेतलेली, आमची चाचणीही जुन्याच स्पाइकवर चालणारी, आणि ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये तिसाहून जास्त बदल. कतारमधल्या अभ्यासात आधीच्या लागणीचं पुन्हा लागण होण्यापासूनचं संरक्षण आधीच्या डेल्टा उपप्रकारासाठी ९२ टक्के होतं, ते ओमिक्रॉनसाठी ५६ टक्क्यांवर आलं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र बरंच टिकलं. माझा घसा चार दिवस धरला, वास या वेळी गेला नाही. नवरा त्याच घरात राहून कोराच सुटला. का, ते मला कुणी सांगू शकलं नाही.

प्रकल्पासाठीचं शेवटचं रक्त त्यानंतर दिलं. एनची जी चाचणी मागे निगेटिव्ह झाली होती ती आता खणखणीत पॉझिटिव्ह, आणि पहिल्या लागणीनंतर होती त्याहून वर. स्पाइकचा आकडाही चढलेला. नवऱ्याचा मात्र लसीनंतरच्या उतारावरच होता, त्यामुळे एवढ्या काळात पहिल्यांदाच माझा आकडा त्याच्या वर गेला. त्यानं दोन्ही अहवाल शेजारी ठेवून नीट वाचले, तारखा तपासल्या, एककं तपासली. त्याचं म्हणणं आहे की माझा नमुना पातळ करताना काहीतरी गडबड झालेली असणार.